तीन सूत म्हणालो आणि अडकलो

मंडळी, आज बेलापूरला तेल-वायूच्या एका कंपनीत मुलाखत दिली. समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर पाइपलाइन बघायचं काम. घरी येऊन चहा झाला, पण डोकं तिथेच आहे, म्हणून ग्रुपवर लिहितोय.

मी तळोज्याच्या केमिकल कारखान्यात मेंटेनन्स बघतो. कॉलेज नाही, ड्रॉइंग वाचण्यापासून वेल्डिंग तपासण्यापर्यंत सगळं स्वतः शिकलो.

मुलाखत घेणाऱ्या तरुण इंजिनिअरने एका पाइपची जाडी विचारली. मी ताडकन म्हणालो, "तीन सूत."

"सूत म्हणजे?"

"इंचाचा आठवा भाग. आमच्या वर्कशॉपमध्ये सगळे तसंच बोलतात."

तो हसला. "काका, इथे अर्ध्या मिलिमीटरवरून काम थांबतं. पहिलं वर्ष ट्रेनी म्हणून या, मग बघू."

त्याचं बरोबर होतं. गॅसच्या लाइनला असं ढोबळ बोलून चालत नाही. पण लोकांच्या चुका मी काढतो हो! फार लागलं.

इकडे कारखान्यात डिग्री नाही म्हणून बढती बंद. नवा मॅनेजर आला की त्याला प्लँट मीच दाखवतो आणि वर्षभराने त्याच्याच टेबलापुढे रजेसाठी उभा राहतो.

बायको म्हणाली, "अहो, तिथे एकच वर्ष ट्रेनी. इथे रिटायर होईपर्यंत काय आहात, ते सांगा ना."

उद्या हो की नाही ते कळवायचंय. तुमच्यापैकी कोणी या वयात पोरांच्या हाताखाली गेलंय का? पहिला दिवस कसा काढलात, तेवढं खरं सांगा.