दुसरी शिंक

नव्वदच्या दशकात आमच्या तालुक्याच्या स्टँडावर गाड्या पुकारायला एक कंट्रोलर होते. त्यांना कुत्र्यांचं भयंकर वेड आणि कुत्र्यांची त्याहून भयंकर ॲलर्जी. टेबलाखाली कायम एक तांबडी कुत्री झोपलेली, आणि वर यांचं नाक तिच्याहून तांबडं. शिंक अशी की तिकडं लोणंदला रूळ हलायचे. "हाकला की हिला," म्हटलं की म्हणायचे, "आवं, नाक माजं बिघडलंय, तिचा काय गुन्हा?"

पण ती शिंक माइकवर यायची. "रहिमतपूरला जाणारी गाडी..." आणि आऽऽक्छी! निघताना शिंक म्हणजे अपशकुन, त्यामुळं अख्खी गाडी खाली उतरायची. एकदा तर ड्रायव्हरच उतरून चहाला गेला.

शेवटी डेपोचे मोठे साहेब आले. म्हणाले, "आज गाडी अडली, तर कुत्री स्टँडाबाहेर!"

कंट्रोलरनी घाबरत माइक घेतला, आणि पहिली शिंक फुटलीच. गाडीतली माणसं पिशव्या घेऊन उठली. साहेबांनी दाराकडं बोट केलं, तोच या गड्यानं कुत्रीला उचललं, तिच्या मानेत नाक खुपसलं आणि डोळे मिटून दमदार श्वास ओढला. दुसरी शिंक अशी आली की छतावरचा कर्णा वाकडा झाला.

गाडीतून एक म्हातारी ओरडली, "दोन झाल्या रं! दोन शिंका लय चांगल्या असत्यात! बसा खाली!"

गाडी सुटली. तेव्हापासून ड्यूटीभर कुत्री कंट्रोलरच्या मांडीवर असायची. सरकारी कामच होतं ते.