बापूंचं ठरत नव्हतं

माणूस जातो, पण त्याने घेतलेले निर्णय मागे उरतात. बापूंच्या शोकसभेत एका माजी नगरसेवकाने हे वाक्य दोनदा म्हटलं आणि त्यांच्या ‘तडफदार निर्णयशक्ती’बद्दलही बरंच सांगितलं. मी मागच्या रांगेत खाली मान घालून बसलो होतो. सदऱ्याच्या कापडासाठी बापू सांगलीच्या एकाच दुकानात तीन-तीनदा जायचे आणि शेवटी जुन्याच सदऱ्याची कॉलर उलटून घ्यायचे. शनिवारी सकाळी त्यांच्या शेजारच्या औषधाच्या दुकानातून मला फोन आला, ‘बापू झोपेतच गेले’, तेव्हाही एक निर्णय व्हायचा राहिलाच होता.

तो गाडीचा. बापू मूळचे आटपाडीकडचे, माधवनगरच्या गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम. गिरणी बंद पडली, मग मधुमेहात डावा पाय गुडघ्याखाली गेला आणि स्कूटर सुटली. वर्षभर ते स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना हाका मारत. पुढे पुढे हाकाही बंद झाल्या. त्याच सुमारास पुण्याच्या एका कंपनीने विजेवरच्या छोट्या मोटारी तीन वर्षांच्या कराराने भाड्याने द्यायला काढल्या. मुदत संपली की उरलेली किंमत भरून गाडी ठेवून घ्यायची, नाहीतर परत करायची. क्लच नाही, गिअर नाही, सगळं काम उजव्या पायाचं. बापूंचं महिनाभर ठरेना, म्हणून सही करायला वहिनींनीच बसवलं. ज्या खिडकीत ते बसायचे, तिच्यातूनच मग चार्जिंगची वायर बाहेर गेली. बापू पुन्हा बाजारात, लग्नात, मयतीत दिसू लागले. गाडी आवाज न करता यायची, त्यामुळे त्यांच्याबद्दल बोलताना लोक आधी मागे वळून बघू लागले. थांबले की हँडब्रेक मात्र दोन्ही हातांनी ओढायचे, अगदी सपाट रस्त्यावरही.

मुदत संपत आली तोवर बॅटरी थकली होती. पूर्वी मिरजेला जाऊन यायची ती गाडी आता सांगलीहून परतताना दमायची. नवी बॅटरी घेणं आवाक्याबाहेरचं. आणि गाडी परत केली, तर पुन्हा खिडकी...

‘मास्तर, ठिवली तर ती मरतीया, दिली तर मी मरतुया,’ ते मला म्हणाले. ‘सांगा काय करू?’

‘ठेवा,’ मी म्हटलं.

‘तुमचं काय जातंय? तुमाला दोन पाय हायत.’

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. शेवटी वहिनी आतून ओरडल्या, ‘आवं, सोमवारी त्यो माणूस दारात यील, तवा तरी तोंड उघडा!’

सोमवारी कंपनीचा माणूस आला. त्याला कुणी कळवलं नव्हतं. फोटोवरचा हार बघून त्याने बूट काढले, थोडा वेळ बसला आणि मग हळूच किल्ली मागितली. वहिनी म्हणाल्या, ‘त्येंचं ठरलं नव्हतं. त्येंचं ठरल्याबिगर मी कशी दिऊ?’ मग गाडी तुम्ही विकत घेतली असं समजावं लागेल, असं तो म्हणाला. ‘समजा की,’ वहिनी म्हणाल्या. पैसे कुठून आणले ते मी विचारलं नाही.

वहिनींना गाडी चालवता येत नाही. तरी रोज संध्याकाळी, वीज असेल तर, त्या खिडकीतून वायर बाहेर सोडतात. गेल्या आठवड्यात त्यांनी मला बोलावलं. ‘भावजी, नुसती हुबी ऱ्हायली की बॅटरी बसती, म्हणायचे. गल्लीतनं एक चक्कर मारा.’ मी बसलो. बापू बुटके, सीट त्यांच्या मापाने पुढे ओढलेली, स्टिअरिंग माझ्या पोटाला लागलं. किल्ली फिरवली, पाय दाबला. गाडी जरा कण्हली, थरथरली, पण हलेना. पुन्हा दाबला, तरी नाही. मालकाशिवाय पाऊल न उचलणाऱ्या मुक्या जिवाबद्दल काही वाक्यं सुचायला लागली. सगळी शोकसभेत शोभतील अशी.

खिडकीतून वहिनी म्हणाल्या, ‘आवं भावजी, हँडब्रेक काढा की.’

एका हाताने तो निघाला नाही.