मार्थाबाईंच्या नावाची मूठ

तव्यावर रोट भाजला जाताना जाडसर दळलेल्या गव्हाचा आणि तुपाचा जो खरपूस वास सुटतो, त्याच्या पाठोपाठ माझ्या नाकात स्पिरिटचा वास शिरतो. घरात स्पिरिटची बाटली आता नाही. मधल्या खोलीतली आईची खाटही आम्ही उचलली. त्या जागी सकाळभर उन्हाचा एक चौकोन पडून असतो. तरी श्रावण लागला, तापीचं पाणी गढूळलं, गल्लीतल्या पॉवरलूमच्या खटखटीवर संथ झड चढली की हे दोन्ही वास सोबतीने येतात आणि मला माझ्याच घरात परकं करून जातात.

खानदेशाशी नाळ जुळलेल्या आमच्या बुऱ्हाणपुरातल्या घरांत नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, आमची कुळाची देवी, बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी गहू मापाने घेत नाहीत, मुठीने घेतात. घरातल्या एकेका माणसाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात टाकायचा. हे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे, बाहेरच्याला कणही द्यायचा नाही, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. आई या नियमाची कडक पहारेकरीण होती. लग्न होऊन गेलेली माझी बहीण एकदा ऐन त्या दिवसांत माहेरी आली, तेव्हा आईने तिच्या पानात साधी पोळी वाढली आणि स्वयंपाकघरात जाऊन पदराने डोळे पुसले. डोळे पुसले, पण नियम मोडला नाही.

त्या आईला पक्षाघाताने खाटेला खिळवलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. उरला एक डावा हात आणि सगळं समजणारे डोळे. माझ्या पत्नीची कंबर अधू, आणि मी मुलगा. आईला अंघोळ घालण्याच्या कल्पनेनेच मी संकोचून जाई. तेव्हा कुणीतरी मार्थाबाईंचं नाव सुचवलं. मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका, अविवाहित, गावातल्याच लालबागच्या बाजूला धाकट्या बहिणीसोबत राहणाऱ्या. सकाळी सातला त्या पांढऱ्या सुती साडीत दारात उभ्या राहत, चपला बाहेर काढत, आणि आईला हात लावण्याआधी क्षणभर डोळे मिटून ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत. मी खरं सांगतो, पहिले काही आठवडे मी कान टवकारून होतो. या बाई आईच्या कानात त्यांचा देव तर ओतत नाहीत ना, अशी शंका मला छळत होती. तीस वर्षं वर्गात समतेचे धडे दिलेला मी मास्तर! लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, दुसरं काय.

त्या सुरुवात नेहमी पायांपासून करत. कोमट पाण्यात फडकं बुडवून आईची निर्जीव बोटं एकेक वेगळी करून पुसत, टाचांच्या भेगांत तेल जिरवत, मग वर सरकत. पाठीवरच्या जखमांची दुर्गंधी अशी की मी दारातूनच परतत असे. त्या मात्र वाकून, शेतकरी रोपाची पानं तपासतो तशा एकेक जखम निरखत आणि तिच्या भोवती स्पिरिटचा बोळा फिरवत. पायांपासूनच का, असं मी एकदा जरा खोचकपणेच विचारलं.

"आमच्या प्रभूनं चेल्यांचे पाय धुतले होते सर," त्या म्हणाल्या. "मी तं नर्सच हाय."

आणखी एकदा, मी त्यांच्या सेवेचं पुण्य वगैरे बोलू लागलो तेव्हा फडकं पिळता पिळता त्या हसल्या. "पुण्य जमा करायले नही येत मी. जे कमावून भेटते ते मजुरी झाली सर. कृपा मंजे हक नसतांना भेटते ते. मले भेटली, मंग मी कोणाले कोणत्या तोंडानं नही म्हणू?" मला ते बोलणं थोडं भाबडं वाटलं. हक्क आणि पात्रता यांच्या भिंतींतच माझं सारं आयुष्य गेलेलं. भिंतीपलीकडूनही उजेड येऊ शकतो, हे ध्यानात यायला मला फार उशीर लागला.

मग तो श्रावणातला सोमवार आला. कानबाईचं विसर्जन करून आम्ही घाटावरून परतलो. मी आईच्या डाव्या हातात रोटाचा तुकडा ठेवला. मार्थाबाई खाली बसून तिच्या पायांना तेल लावत होत्या. आईने तो तुकडा तोंडाकडे नेला नाही. हात अगदी हळूहळू खाटेच्या कडेवरून खाली आला आणि मार्थाबाईंच्या पुढ्यात थांबला. आयुष्यभर ज्या दारावर तिने पहारा दिला, ते दार ती आपल्या एकुलत्या चालत्या हाताने उघडत होती. आणि मी, तिचा शहाणा मुलगा, पुढे झालो आणि तिच्या बोटांतून तो तुकडा काढून घेतला. "माय, ते बाहेरच्याले नही चालत," असं म्हणालो. तिच्याच शिकवणीची तिला आठवण करून देत होतो मी.

मार्थाबाईंचा पुढे आलेला हात तेलाच्या वाटीकडे वळला. "राहू द्या सर," त्या म्हणाल्या. "मायचा हात दुखला असंन."

त्यांना माझ्या आईच्या हाताचं पडलं होतं. आईने माझ्याकडे पाहिलं नाही. त्या दिवशी तिने घास घेतला नाही. ओठ मिटून, तोंड भिंतीकडे करून ती पडून राहिली. भाद्रपदात ती गेली. शेवटची अंघोळ मार्थाबाईंनीच घातली, पायांपासून.

त्यांची क्षमा मागायची हे मी तेराव्यालाच ठरवलं होतं. पण ठरवणं आणि करणं यांत आमच्यासारख्यांची वर्षं जातात. एकदा त्या मला भाजीबाजारात दिसल्या, केळीच्या फण्यांच्या ढिगाशी, पिशवी सावरत. मी दुसऱ्या गल्लीत वळलो. पुढचा श्रावण दुखवट्याच्या वर्षात कोरडा गेला, कानबाई बसली नाही. यंदा मात्र पत्नी सूप घेऊन बसली, नावं घेऊ लागली, माझं, मुलाचं, नातवाचं, तेव्हा मी म्हणालो, "मार्थाबाईंच्या नावाची एक सव्वा मूठ टाक." तिची मूठ गव्हातच थांबली. "आत्ता सुचलं?" एवढंच ती बोलली, आणि गहू टाकला.

रोट केळीच्या पानात बांधून मी लालबागच्या रस्त्याने निघालो. पाऊस उघडला होता. चिखलाचा, ओल्या पानांचा वास रस्ताभर सोबत होता. क्षमेची वाक्यं मनात रचून ठेवली होती, मास्तरकीची सवय. दार त्यांच्या बहिणीने उघडलं. तिच्या पाठीमागे भिंतीवर मार्थाबाईंची तसबीर होती, आणि त्या तसबिरीला हार घातलेला नव्हता, म्हणून एक क्षण मला काही कळलंच नाही.

"वैशाखात गेली," बहीण म्हणाली. "तुम्ही मधुकर सर ना?"

मी तिला कधी भेटलो नव्हतो. तुम्हाला माझं नाव कसं ठाऊक, असं विचारलं.

"रोज ऐकत होते. सकाळच्या प्रार्थनेत पहिले तुमच्या मायचं नाव, मंग तुमचं. माय गेल्या, तं त्यांचं थांबलं. आमच्यात गेलेल्यासाठी मागत नही. तुमचं नही थांबलं."

मी खुर्चीत बसलो. ज्या सकाळी मी भाजीबाजारात तोंड चुकवलं, त्या सकाळीही त्या घरात माझं नाव उच्चारलं गेलं होतं. मी मागितलं नव्हतं, माझा हक्क नव्हता. माझ्या सुपात त्यांची मूठ पडायला दोन वर्षं लागली; त्यांच्या सुपात माझी रोज पडत होती. रचलेली सगळी वाक्यं माझ्या तोंडातच राहिली. मी रडलो. त्या बाईने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला.

बऱ्याच वेळाने तिची नजर माझ्या मांडीवरच्या पुडीकडे गेली. केळीच्या पानातून तूप पाझरलं होतं. ती याच गावची. तिने वासावरून ओळखलं.

"हा तिचा वाटा," मी म्हणालो.

तिने हात पुढे केला, आणि अर्ध्यावर थांबवला. "सर, हे आमाले चालते?"

"चालतं," मी म्हणालो.

किती सहज निघाला तो शब्द. तिने पान सोडलं, रोटाचा तुकडा मोडला आणि डोळे मिटून क्षणभर ओठ हलवले. मी तिच्या ओठांकडे पाहत राहिलो. तिने घेतलेलं नाव कुणाचं, ते मात्र मला ऐकू आलं नाही.