तांदळात लिहिलेलं नाव

डॉक्टरबाईनं सुई भरली अन् मी तिचा हातच धरला. "थांबा, थांबा! मागं एक इंजेक्शन दिलं तवा हिचं तोंड सुजलं, श्वास कोंडला, निळी पडली होती माझी लेक!"

"कोणतं इंजेक्शन?"

मला काय ठावं? नववीतच शाळा सुटली माझी. बाटलीवरचं इंग्रजी मी कधी वाचलं? कागद माहेरी, मुखेडकडल्या खेड्यात, आईच्या पत्र्याच्या पेटीत. आई रानात, फोन लागंना. अन् मांडीवर लेकीची छाती नुसती भात्यावानी चालू. न्युमोनिया, म्हणली बाई.

"दोन औषधं आहेत माझ्याकडं," डॉक्टरबाई म्हणली. "पण तिला कोणतं सोसलं नाही ते कळल्याबगर मी टोचणार नाही. न्हाईतर लातूरला न्या."

लातूर लांब. लेक तिथवर पोचंल का?

अत्या, म्हणजे माझी सासू, भिंतीला टेकून बसलेली. "बाळंतपण माहेरी, टोचणं माहेरी, अन् सांगायच्या टायमाला सगळं इसरून मोकळी!"

जळकोटकडल्या त्या दवाखान्यात एक कंप्युटरवाली ताई होती. गावोगावच्या नोंदी एकमेकींना जोडायचं काम तिच्याकडं. तिनं माझं नाव टाकलं. न्हाई. लेकीचं टाकलं. न्हाई. बारसं मागून झालं, माहेरच्या दवाखान्यात नुसतं 'बाळ' लिहिलेलं.

"अवो, मी तिथंच बाळंत झाले!"

"लग्नाआधी नाव काय होतं तुमचं?"

तवा कुठं डोक्यात उजेड पडला. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं. आडनावासंगं नावबी गेलं. पण माहेरात मी अजून जुन्या नावाचीच, दवाखान्यातबी भावानं तेच सांगितलेलं. तांदूळ तर तवाच कालवले गेले. या दोन बाया एकच हायत, हे कंप्युटरला कोण सांगणार?

जुनं नाव टाकलं तर ढीगभर बाया निघाल्या. ताई म्हणली, "नावानं न्हाई, नात्यानं शोधू. तिथं मोबाईल नंबर कुणाचा दिला होता?"

"आशाताईचा. गावात दवाखान्याचं काम बघती ती." ताईनं तिला फोन लावला, तर बंद.

ताईनं दोन-तीन ओळी लिहिल्या. मला समजावत होती का सोताशीच बोलत होती, कोण जाणे. "या नंबराला कोण कोण जोडलंय, ते दाखव." पडद्यावर मधी एक गोल, अन् त्याला रेघाच रेघा, रेघंच्या टोकाला एकेक माणूस. सायकलीच्या चाकावानी. माहेरी आमच्या गल्लीत बायांच्या हातात फोन कुठं असतो? समद्यांनी आशाताईचाच नंबर दिलेला.

"अख्खं गावच लटकलंय की हो एका बाईला!" ताई म्हणली. मग अजून एक ओळ लिहिली. आईचं नाव हे, अन् बाळाला औषध सोसलं न्हाई असं लिहिलेलं, तेवढेच ठेव. रेघा पटापटा गळाल्या.

एकच गोल उरला. पुढं औषध लिहिलेलं, पेनिसिलीन. डॉक्टरबाईनं हातातल्या सुईकडं बघितलं. भरलेलं तेच होतं.

पण ताईचा चेहरा पडला. "इथं मुलगा लिहिलंय."

"मुलगा?" डॉक्टरबाई वळली. "तुमच्या जुन्या नावाची दुसरी कुणी आहे का गावात?"

हाय. वरच्या आळीत. अन् तिला मुलगाच हाय. ही नोंद तिच्या लेकराची असली तर माझ्या लेकीला न सोसलेलं औषध दुसरंच असायचं, अन् तेच आता टोचलं जायचं.

"ताई," मी म्हणले, "ते इंजेक्शन दिलं त्या दिवशी आशाताईनं आम्हाला नेलतं. तिच्यासंगं अजून कोण आलतं, ते दिसंल का?"

तिनं माझ्याकडं बघितलं अन् लिहायलाच लागली. त्या गोलावरून त्या दिवसावर, दिवसावरून आशाताईच्या नंबरावर, तिथून दुसऱ्या माणसावर. एक म्हातारा निघाला. कुत्रं चावलेला.

"शेजारचे काका!" मी वरडले. "आमच्याच आटोत होते! सुई बघून माझ्या लेकीपेक्षा मोठ्यानं बोंबलले!"

"पण ती वरच्या आळीची त्याच दिवशी आली नव्हती कशावरून?" डॉक्टरबाईनं इचारलं.

म्हायती न्हाई. ते मला आजबी म्हायती न्हाई.

लेक कण्हायची पण थांबली होती. अत्या उठून माझ्यापाशी आली, आवाज बारीक. "बोल बाई. आई तू हायस."

"हाव," मी म्हणले. "माझ्याच लेकीची हाय ती नोंद."

डॉक्टरबाईनं भरलेली सुई फेकली, दुसऱ्या औषधाची भरली. टोचल्यावर मी लेकीच्या ओठावरून नजर काढली न्हाई. निळे पडतेत का, पडतेत का. न्हाई पडले. लई वेळानं तिनं तोंड वेंगाडलं अन् दुधासाठी रडली, अन् अत्यानं रडू दाबायला पदर आपल्याच तोंडात कोंबला.

आता समदे म्हणतेत, बरं केलंस. पण पुढं मुलगा लिहिलेला तो गोल अजून डोळ्यापुढून हालत न्हाई. खरं सांगा, मांडीवर तुमचं लेकरू असतं अन् पुढं तेवढा एकच गोल, तर तुम्ही हाव म्हणला असता का?