नणंदेच्या झोपाळ्याचा दोर

लग्न होऊन रत्नागिरीकडून मद्रासला आले, तेव्हा पहिले दोन महिने मी जवळजवळ मुकीच होते. सासरी मराठीच बोलत, पण तंजावरची, तमिळ हेल काढून. मी तोंड उघडलं की नणंदेला हसू आवरत नसे.

तिचं लग्न ठरलं. त्यांच्यात वधूवरांना ऊंजलवर, म्हणजे झोपाळ्यावर बसवून झोके देतात. मामंजी एग्मोरला एका कचेरीत कारकून. त्यांनी जाहीर केलं, "लेकीच्या ऊंजलचा दोर मीच वळणार." हे त्यांच्या मनात आधीपासूनच असावं, कारण परसातल्या खड्ड्यात नारळाची सोडणं, वरची जाड सालं, कित्येक महिने कुजत पडली होती. सासूबाई त्या वासाला विटल्या होत्या.

सोडणं बडवून, धुवून, वाळवून छान सोनेरी काथ्या निघाला. एका रविवारी मामंजी धोतर खोचून दोर वळायला बसले. लहानपणी गावात त्यांनी हे नुसतं पाहिलेलं. तीन पेड झाले, ते एकत्र वळले, आणि हात सोडताच सगळं भसाभसा उलगडलं. पुन्हा तेच. सासूबाई म्हणाल्या, "बाजारातून आणा की हो!"

मी दारात उभी होते. राहवेना. आमच्याकडे आई, काकू अंगणात बसून रोज सुंभ वळायच्या.

"मामंजी, पेडांना जिकडे पीळ, तिकडेच दोराला देताय. दोराला उलटा द्यायला हवा."

नवी सून एवढं बोलली! मामंजींनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि सरकून जागा दिली. "ये, बैस. दाखव."

तळवे ओले करून मी वळू लागले. ते पेड ताणून धरत, मी पीळ देई. नणंद काथ्या विंचरून हातात देऊ लागली. तीन दिवसांत चार दोर झाले. हातांची सालं निघाली, पण गप्पांना खंड नव्हता.

लग्नाच्या आदल्या दिवशी फळी टांगली. पहिलं बसायला कोणी धजेना. शेवटी मामंजींची थोरली बहीण, घरातली सगळ्यांत वजनदार बाई, पदर खोचून बसली. दोर करकरले, ताणले, आणि तिचा झोका थेट तुळईकडे गेला. "अजून जोरात!" ती ओरडली.

लग्नात बायका ऊंजलची गाणी म्हणत होत्या. मामंजी येईल त्या पाहुण्याला दोर चाचपायला लावत आणि माझ्याकडे बोट दाखवत, "हे आमच्या सुनेचं काम."