नऊ दिवसांची हळद

माझ्या सासूच्या हाताला गुण आहे, असं आमच्या अंबरनाथ पूर्वेच्या सोसायटीत सगळे म्हणायचे आणि ते खोटं नव्हतं. तान्ह्या पोराचं पोट फुगलं की बायका त्याला खांद्यावर टाकून आमच्या दारात यायच्या. सासू हिंग पाण्यात कालवून बेंबीभोवती लावायची, तव्यावर ओवा गरम करून फडक्याच्या पुरचुंडीनं पोट शेकायची, आणि पोर खरंच रडायचं थांबायचं. दाढेला लवंग, खोकल्याला सुंठ आणि मध, मुरगळलेल्या पायाला आंबेहळद. बदलापूरच्या पुढं त्यांची भातशेती होती. ती विकली गेली आणि ही बाई तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये येऊन बसली. गावात तिच्या शब्दावर चार घरं हलायची. इथं तिच्याजवळ फक्त हे औषध उरलं होतं.

समोर मी तिला 'आई' म्हणायचे, अहो-जाहो करायचे. मनात मात्र ती 'ती'च होती. इथंही तसंच लिहिते.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले. पाचव्या महिन्यात लघवीला जळजळ सुरू झाली. पहिले दोन दिवस मी लाजेनं बोलले नाही. तिसऱ्या दिवशी अंगात ताप भरला तेव्हा सांगितलं.

"उन्हाळी लागली तुला," ती म्हणाली. "धने-जिऱ्याचं पानी देते. दोन दिवसांत उतरंल."

पाणी प्यायले. लोटाभर सकाळी, लोटाभर संध्याकाळी. ताप उतरला नाही. कमरेत अशी कळ यायची की भिंतीला धरून उभं राहावं लागायचं. नवरा तेव्हा कारखान्यात शिफ्टला होता, घरी यायचा तो झोपायलाच. मी तिलाच म्हटलं, "आई, दवाखान्यात जाऊ या का?"

"आधी घरचं करून बघू. दवाखान्यात गेली की सुया टोचतील. पोटातल्या पोराला सोसनार हाय का ते?"

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "आईनं एवढ्या बायकांची बाळंतपणं बघितलीत. तुझ्यामाझ्यापेक्षा तिला जास्त कळतं." सहाव्या दिवशी दुपारी न्हाणीत माझ्या पायावरून रक्त ओघळलं. शेजारच्या बाईनं रिक्षा आणली.

दवाखान्यातली डॉक्टर माझ्याच वयाची होती. तिनं कागद बघितले आणि म्हणाली, "लघवीचं इन्फेक्शन वर चढलंय. चार दिवस आधी आला असतात तर साध्या गोळ्यांनी भागलं असतं." मुलगा होता. आयाबाईनं हिरव्या कापडात गुंडाळलेला दाखवला, आणि मी नीट बघायच्या आत नेला.

दाराबाहेर माझी सासू कुणाशी तरी बोलत होती. आवाज स्पष्ट येत होता. "पपई खाल्ली आसंल हिनं. नको नको म्हनून सांगितलेली."

पपई आमच्या घरात आलीच नव्हती.

घरी आणल्यावर तिनं बाळंतिणीला करतात ते सगळं माझं केलं. पलंगाखाली शेगडी ठेवली, निखाऱ्यांवर ओवा, शेपा आणि वावडिंग टाकलं, मला धुरी दिली. डिंकाचे लाडू वळले. मी त्या धुरात खोकत पडलेली असायचे आणि बायका भेटायला यायच्या. बाळंतिणीच्या खोलीचा तो वास ओळखीचा असल्यामुळे प्रत्येकीची नजर आधी पलंगावर माझ्या शेजारी जायची, मग खाली वळायची. मी एकदा म्हटलं, "आई, हे नका करू. मला नको आहे." ती म्हणाली, "आंग भरलं पायजे. पुढचं पोर नको का?" धुरी बारा दिवस चालली.

पुढची मुलगी झाली. त्या खेपेला तिसऱ्या महिन्यातच मी बदलापूरला माहेरी निघून गेले, आणि पोरगी दोन महिन्यांची होईपर्यंत परतले नाही.

मुलगी शाळेत जायला लागली तशी मी उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या एका मेडिकल स्टोअरमध्ये काउंटरला लागले. मालक वयस्कर सिंधी गृहस्थ. सगळे त्यांना दादा म्हणायचे. त्यांनी मला औषधांची नावं शिकवली, डॉक्टरांचं अक्षर वाचायला शिकवलं. एक गोष्ट तर ते महिन्यातून दोनदा तरी बजावायचे. "बेटी, शुगरवाला आदमी पैर का जखम लेके आए तो मलम बेचने का नहीं. सीधा डॉक्टर के पास भेजने का. ग्राहक गया तो चलेगा, पैर गया तो वापस नहीं आता."

माझ्या सासूला शुगर होती. तपासणी मीच करून आणली होती, गोळ्याही मीच आणायचे. ती त्या तुळशीच्या कुंडीत पुरायची आणि रात्रभर भिजवलेल्या मेथीचं पाणी प्यायची. कुंडी बदलताना मला मातीत विरघळलेल्या पांढऱ्या गोळ्या सापडल्या. मी नवऱ्याला दाखवल्या. तो हसला, म्हणाला, "आई ती आईच." तेव्हापासून मी आणणं बंद केलं.

दोन उन्हाळ्यांपूर्वी वर्षाच्या मसाल्याच्या मिरच्या वाळत घालायला ती गच्चीवर गेली. भर दुपारी, अनवाणी. तापलेल्या स्लॅबवर तासभर फिरली असेल. शुगरमुळं पायाची जाण गेलेली, त्यामुळे काही कळलं नाही. संध्याकाळी फरशीवर ओले डाग दिसले म्हणून मी पाय बघितला. उजव्या टाचेला आणि चवड्याला मोठे फोड येऊन फुटले होते, कातडी लोंबत होती.

"काय गो?" ती म्हणाली. मोतीबिंदूमुळं तिला जवळचं नीट दिसत नव्हतं, आणि पाय वळवून तळवा बघण्याइतकी कंबर वाकत नव्हती. "दुखत तर नाय."

मला ठाऊक होतं की तिला त्याच वेळी डॉक्टरकडं न्यायला पाहिजे. दादांचं वाक्य मला आठवलं. न कळल्यामुळं मी चुकले असं मी कुणाला सांगू शकत नाही.

"फोड आलेत," मी म्हटलं. "काय लावू?"

"हळद लाव. हळदीसारखं औषध नाय."

मी मिसळणाचा डबा आणला आणि हळद भरली.

पहिले तीन दिवस मी स्वतःला सांगत राहिले की ती सांगते तेच मी करते आहे. चौथ्या दिवशी टाचेची कड काळपट झाली. खाली पिवळं साचलेलं होतं, पण हळदीखाली हळदीचाच रंग दिसतो. मी जुना थर धुतला, पुसला आणि नवी हळद दाबून बसवली. वरून सुती फडकं बांधलं.

त्याच आठवड्यात दुकानात एक काका आले. अंगठ्याला मळकी पट्टी होती, जखमेवरचं मलम मागत होते. मी विचारलं, "काका, शुगर आहे का?" ते हो म्हणाले. मी त्यांना म्हटलं, "मलम नको. आजच्या आज दाखवा. हवं तर रिक्षा बोलावून देते." दादांनी गल्ल्यावरून माझ्याकडं कौतुकानं बघितलं. संध्याकाळी मी घरी आले, हातपाय धुतले आणि सासूच्या टाचेत हळद भरली.

नवऱ्यानं विचारलं, "आईच्या पायाचं काय? दाखवायचं का कुठं?"

"त्या तयार नाहीत," मी म्हटलं. "तुम्हाला माहीत आहेच."

त्याला माहीत होतंच. तो टीव्ही बघत बसला.

सातव्या दिवशी तिला हुडहुडी भरली. दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. मी पांघरूण सारखं करत होते तेव्हा तिनं माझं मनगट धरलं.

"मना दवाखान्यात ने गो."

इतक्या वर्षांत तिनं माझ्याजवळ काही मागितल्याचं मला आठवत नाही. हुकूम सोडायची, टोमणा मारायची, पण मागत नव्हती. मी तिच्या तोंडाकडं बघितलं. डोळे तापानं चमकत होते. घरात आम्ही दोघीच होतो.

"आधी घरचं करून बघू," मी म्हटलं.

तिनं हात सोडला. मी स्वयंपाकघरात गेले. आलं किसलं, मिरी कुटली, तुळशीची पानं खुडून आणली आणि काढा उकळायला ठेवला. मला वाटलं होतं, हे वाक्य बोलले की आतलं काहीतरी सुटेल. तसं काही झालं नाही. काढ्याचं पाणी निम्म्यावर येईपर्यंत मी गॅसपाशी उभी राहिले, मग गाळून तिला नेऊन दिला. तिनं कप दोन्ही हातांनी धरला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.

आणखी दोन दिवस गेले. नवव्या दिवशी मुलगी शाळेतून आली आणि नाक धरून म्हणाली, "मम्मी, आजीच्या खोलीत उंदीर मेलाय." योगायोगानं नवरा त्या दिवशी घरी होता. त्यानं पलंगाखाली वाकून बघितलं, कपाट सरकवलं, आणि मग आईच्या पायाशी थांबला. फडकं त्यानंच सोडलं. आईला त्यानं दोन्ही हातांवर उचललं आणि तसाच जिना उतरला.

उल्हासनगरच्या दवाखान्यात तिला दाखल केलं. दुसऱ्या दिवशी गुडघ्याखालून पाय कापला.

त्याआधी डॉक्टर जखम धूत होते. पाणी पिवळं होऊन वाहत होतं. ते भडकले होते. "शुगरच्या पेशंटच्या जखमेत हळद? कोणी भरली ही?"

मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. नवरा माझ्याशेजारी. मी तोंड उघडलं, पण काय बोलणार होते ते मला आजही माहीत नाही.

"मीच भरली," सासू म्हणाली. "ही नको म्हनत होती. मी आयकलं नाय."

नवऱ्यानं कपाळाला हात लावला. डॉक्टर माझ्याकडं वळून जरा नरमाईनं म्हणाले, "तुम्ही तरी जबरदस्ती करायची होती."

ती घरी आली ती अंथरुणाचीच झाली. मी दुकानातली नोकरी सोडली. दादांना कारण सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "तेरे जैसी बहू," एवढंच म्हणाले. मी लगेच निघाले, कारण ते पुढं आणखी काही बोलले असते तर मला ऐकवलं नसतं.

तिचं सगळं मी केलं. भांडं दिलं, अंग पुसलं, गोळ्या जिभेवर ठेवून ती गिळेपर्यंत समोर बसले. कापलेल्या पायाच्या खुंटावरची पट्टी रोज बदलायची असायची. सहा महिने आम्ही त्या नऊ दिवसांबद्दल एक अक्षर बोललो नाही. मला वाटत होतं, तापाच्या भरात तिला काही उमगलंच नसेल. डॉक्टरांसमोर बोलली ते आपल्या औषधाचा मान राखायला बोलली असेल.

एक दिवस पट्टी बदलताना ती एकदम म्हणाली, "वास मनापन येत होता."

माझे हात थांबले.

"डोळं गेलंत माझं. नाक नाय गेलं. चौथ्या दिवसापासून येत होता. तू काय करतंस ते कळत होतं मना."

"मग तुमच्या मुलाला का नाही सांगितलंत?"

"त्यानं तुला हाकलली असती." ती सहज बोलत होती, भाजीचा भाव सांगावा तसं. "मंग माझं कोनी केलं असतं? तो? त्याला स्वतःचा चा करता येत नाय."

मला राग येईल असं वाटलं, किंवा रडू. मी पट्टीचं टोक खोचलं आणि दहा वर्षं जे विचारलं नव्हतं ते विचारलं. "आणि माझ्या बाळाचं काय, आई? पपई मी खाल्ली नव्हती. तुम्हाला माहीत होतं."

"माहीत होतं," ती म्हणाली.

मी वाट बघितली. खालच्या रस्त्यावर कांदे-बटाटेवाला ओरडत गेला.

"माझी दोन गेली," ती शेवटी म्हणाली. "एक तापात, एक जन्मताच. माझ्या सासूनं सांगितलं, हिचं दूध वाईट हाय. सगल्या गावाला सांगितलं. मना कोनी इचारलं?"

तिनं माफी मागितली नाही. मीही मागितली नाही. मी वापरलेला कापूस गोळा केला, बादली उचलली आणि बाहेर आले.

ती त्यानंतर वर्षभर जगली. औषधाला येणाऱ्या बायका हळूहळू कमी झाल्या. एखादी पोर घेऊन आलीच तर सासू पलंगावरून मला सांगायची, हिंग किती, पाणी किती, आणि मी आतून डबा आणून कालवून द्यायचे. लावायची मात्र तीच. मला पोराला हात लावू द्यायची नाही.

दहाव्याला गावाहून पन्नासेक माणसं आली होती. एका चुलत सासूनं आपल्या नव्या सुनेला माझ्यापुढं उभं केलं. "हिच्या पाया पड," म्हणाली. "सासूचं कसं करायचं ते हिच्याकडून शिक." ती पोरगी वाकली. तिचे हात माझ्या पायांना लागले तेव्हा मी मागं सरकले नाही, आशीर्वादही दिला नाही. ती जरा गोंधळून उठली.

नवरा अजून कुणी विचारलं की सांगतो, "आई हट्टी होती. कुणाचं ऐकलं नाही, हळदीपायी पाय गेला तिचा." तो हे माझ्यासमोर सांगतो, माझ्याकडं बघून सांगतो, साक्षीला धरल्यासारखं. मी मान हलवते.