भिंतीपलीकडचे पाहुणे

बोलोन्या शहराच्या वाटेवरच्या आमच्या गावात अल्बेरिको मास्तर आणि मी शेजारी राहायचो. मधे एकच भिंत, तीही एकेरी विटेची. मी कुंभार. चाक थांबवलं की पलीकडचं सगळं ऐकू यायचं. मास्तर दिवसभर पोरांना लॅटिन शिकवायचे, तेही छडीला हात न लावता, म्हणून गाव त्यांना अर्धवट म्हणायचं. संध्याकाळी त्यांच्याकडे पाहुणे यायचे. मास्तर प्रश्न विचारायचे, थांबायचे, मग वेगळ्याच आवाजात उत्तर यायचं. पाहुणे म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वी मेलेले रोमन.

"पुस्तक नुसतं वाचायचं नसतं रे," ते मला म्हणाले होते. "नीट विचारलं की मेलेला माणूसही उत्तर देतो. नाहीतर या जगात आपण एकटेच की."

ईस्टरआधीच्या उपासांत चेटूक करणाऱ्यांची चौकशी करणारे पाद्री गावात आले आणि आल्या आल्या त्यांनी सुईणीला नेलं. ती परत आली नाही. गावाच्या तोंडचं पाणी पळालं. मास्तरांची बायको ओर्सोला नवऱ्याच्या पाया पडली, मनातल्या मनात वाचा म्हणाली. मास्तर म्हणाले, घरी आलेल्याशी मनातल्या मनात कोण बोलतं?

व्हायचं तेच झालं. कुणीतरी चुगली केली, हा माणूस मेलेल्यांना बोलावतो म्हणून. शेजारी म्हणून मलाही पाद्र्यांपुढे उभं केलं. काय ऐकू येतं, असं विचारल्यावर मी म्हणालो, "भिंत जाड आहे, महाराज." भिंत केवढी जाड आहे ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

मग पाद्र्यांनी मास्तरांपुढे त्यांचंच पुस्तक ठेवलं आणि हळू आवाजात विचारलं, "उत्तर कोण देतं?"

'ते देतात' म्हटलं की चिता तयारच होती. मास्तर पुस्तकाकडे बघत राहिले. आता हा खरं बोलणार, अशी मला धास्ती वाटली.

"मीच," मास्तर म्हणाले. "दोन्हीकडून मीच बोलतो. तिथं कुणी नाही."

म्हातारा स्वतःशीच बडबडतो म्हणून पाद्री हसले आणि त्यांनी सोडून दिलं. ओर्सोलानं मेरीमातेपुढे मेणबत्ती लावली. जिवावरचं टळलं, असं मलाही वाटलं.

ईस्टर उलटल्यावर एका संध्याकाळी ओर्सोला माझ्या दारात आली, पांढरीफटक. म्हणाली, रोज पुस्तक उघडतात, विचारतात, आणि वाट बघत बसतात.

"भाऊजी, तुमच्या बाजूनं तरी उत्तर ऐकू येतं का हो?"

मी चाक थांबवलं. दोघं भिंतीला कान लावून उभे राहिलो. पलीकडे मास्तरांनी प्रश्न विचारला. बऱ्याच वेळानं तोच पुन्हा विचारला.